पीराचा बोकड आणि सेटिंग

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं पहिलं वर्षही अजून पुरं झालेलं नाही. अशाने आपल्या घरातलं चार लोकांपुढे मांडावं का, याचा बरेच दिवस विचार केला. लिहिताना चुकलं असेल तर माफ करा. पण एक शब्द माझ्या तोंडात कडू होऊन बसला आहे, तो कुठेतरी थुंकायला हवा.

तो शब्द म्हणजे सेटिंग.

बीडला कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी एकदा हा शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारले. मोबाईलमधली सेटिंग सगळ्यांना माहीत होती. गोष्ट जिथे घडते ती जागा, अंगठीतल्या खड्याचं कोंदण, हे सरांनी सांगितलं. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "सर, याची सेटिंग तिकडं खिडकीपाशी बसलीय," आणि वर्ग हसला. मी चाचरत उभा राहिलो. म्हणालो, आमच्या धारूरकडे सीताफळाच्या फुलाचं फळ धरलं की सेटिंग झाली म्हणतात. सरांना ते आवडलं. आणखी एक अर्थ वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. तो कुणीच सांगितला नाही, सरांनीही नाही.

तो अर्थ आमच्या घरात आला ताईच्या नोकरीच्या निमित्ताने.

ताई सासरहून परत आली होती. नवरा मारायचा. आली तेव्हा अंगात ताप मुरलेला, अंथरुणातून उठवत नव्हतं. वडिलांनी तेव्हा गावाबाहेरच्या पीराला बोकड बोलला. आमच्याकडे त्याला कंदुरी म्हणतात. हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच करतात. मुलाणी बोकड कापतो, पीराला निवद दाखवायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. ताई उठली, हिंडूफिरू लागली, आणि नवसाच्या त्या करडाला स्वतःच्या हाताने पाला घालू लागली.

पुढे शेजारच्या गावातल्या खाजगी शाळेत बालवाडीच्या बाईंची जागा निघाली. ताईने बारावीनंतर बालवाडीचा कोर्स केलेला होता. माझ्या चुलत्यांना आम्ही आबा म्हणतो. घरात त्यांचाच शब्द चालतो. त्यांनी सांगून टाकलं, "नोकरी लागली तर ऱ्हा. न्हाई लागली तर दिवाळी झाली की नांदायला जा. लोकं तोंडावर बोलायलेत."

म्हणजे ताईला परत त्याच घरात धाडायचं.

शाळेने मुलांसमोर पाठ घेऊन दाखवायला सांगितलं होतं. ताईने चिंचोके, सीताफळाच्या बिया, रंगीत चिंध्या जमवल्या आणि सुट्टीत आलेल्या मला विद्यार्थी करून बसवलं.

"बाई, मला शी लागली," मी म्हणायचो.

"गप बैस, न्हाईतर अंगठे धराया लावीन!"

"बालवाडीत मारत न्हाईत, बाई."

"तुज्यासारख्या घोड्याला मारतेत."

खूप महिन्यांनी ती हसताना दिसली. पाठ देऊन आली तेव्हा तर पायातल्या चपला न काढताच सांगत सुटली, "पोरं उठंनाच गेली रे माज्याजवळून!"

निकाल काही लवकर लागेना. तेवढ्यात आबांनी कंदुरीचा दिवस धरला. मी बीडहून गेलो. वडील खुशीत होते, लेकीचा नवस फिटणार म्हणून. मी वाढायला उभा राहिलो तेव्हा दर्ग्यासमोरच्या चिंचेखाली वेगळी सतरंजी दिसली. तिच्यावर त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि त्यांची दोन माणसं बसली होती. हात धुवायला तांब्या आबांनी स्वतः धरला होता.

"साहेब, नळी घ्या. लाजू नका."

अध्यक्षांनी नळी घेतली, ताटावर आपटली, तोंडाला लावून सूं करून ओढली. हनुवटीवरून तेल ओघळलं. "आबा, बोकड मस्त पोसला की."

"पोरीनंच पोसलाय. तुमचीच पोरगी समजा, साहेब."

"एवढं खाल्ल्यावर समजावंच लागतंय!"

त्यांच्यातला एकजण दातात अडकलेला मांसाचा धागा नखाने काढत म्हणाला, "मंग झाली म्हणा की सेटिंग, आबा!" तिघंही हसले. तोंडातली शितं सतरंजीवर उडाली.

वडील थोडे लांब हात जोडून उभे होते. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. मला हळूच म्हणाले, "पीराची किरपा बघ. केवढी मोठी मानसं आली आपल्या पंगतीला."

मी रश्श्याची बादली खाली ठेवली आणि दर्ग्यामागे जाऊन ओकलो. तिथेही रश्श्याचा तोच वास येत होता. आणि त्या किळसेतच मनात आलं, आता ताईला नांदायला जावं लागणार नाही. या विचाराची जास्तच किळस आली.

पाहुणे गेल्यावर आबांना गाठलं. "आबा, हे कावून केलं? ताईचा पाठ चांगला झालाय."

"पाठ बघून कोन नोकरी देतंय बे? कॉलेजात हेच शिकवतेत का?"

"बोकड पीराला बोललेला होता."

"मंग पीराला निवद दावला का न्हाई? उरलेलं कुनी खायचं, ते काय पीर सांगत न्हाई." एवढं बोलून आबा बोटं चाटत निघून गेले. मी न जेवता बीडची गाडी धरली. त्यानंतर मेसमध्ये रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला तरी ताट बाजूला सारायचो.

पुढे एके दिवशी दुपारी वर्गाबाहेर फोन आला. आधी वडील बोलले, "लागली बघ!" मग त्यांच्या हातून फोन ताईने घेतला आणि लांब जाऊन हळू आवाजात सांगितलं.

"शाळेच्या मोठ्या बाईंनी मला आत बोलवून सांगितलं. पाठ झाला त्याच दिशी सगळ्यांनी माजंच नाव पक्कं केलतं. अध्यक्षांची सही सुदिक त्याच सांजंला झालती. कंदुरीच्या लई आधी."

"मग आबांना सांग की!"

"सांगितलं. म्हनले, बाया गोड बोलतेत, तू लहान हायस." "सकाळी अध्यक्षांचा फोन आलता त्यान्ला. शब्द पाळला म्हनले. तवापासून आबा गावभर पेढे वाटायलेत."