थैलीतलं यंत्र

दूधविनायकाच्या गल्लीत प्रल्हादगुरुजी टोकेकरांची बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस शोधूनही सापडला नसता. दूधवाला, पोस्टमन, गल्ली अडवून बसलेला सांड, सगळ्यांना ते सारखंच सुनावायचे. आवाज मात्र असा, की बोलणी खाणाराही क्षणभर ऐकत उभा राही.

तो आवाज चौदा वर्षं वडिलांसमोर बसून घडला होता. पाच पिढ्यांपूर्वी गोदाकाठावरून काशीला आलेल्या या घरात यजुर्वेद एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात असाच उतरत आला होता. पोथी होती, पण ती पूजेपुरती. पोथीत शब्द मिळतात. स्वर किती चढवायचा, किती उतरवायचा, कुठे थांबायचं, ते गुरूपुढे बसून त्याच्या तोंडूनच घ्यावं लागतं. त्याला संथा म्हणतात. त्यात घनपाठ म्हणजे तर कसरतच. दोन शब्द पुढे, तेच मागे, मग तीन पुढे, तीन मागे, पुन्हा तीन पुढे, असं मंत्र संपेपर्यंत. त्यांच्या शाखेत म्हणताना उजवा हातही चालतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. हात चुकला की वडील बोटांवर रूळ मारत. पन्नाशी ओलांडलेल्या गुरुजींचा हात आता झोपेतही चुकत नसे.

एवढं सगळं होतं, आणि घ्यायला कुणी नव्हतं. काशीत घन म्हणणारे दुसरेही होते, पण ते दुसऱ्या घरांचे. टोकेकरांची चाल एकट्या गुरुजींच्या गळ्यात होती. एकुलता एक मुलगा केयूर मुंजीतल्या संध्येपुढे सरकला नव्हता. त्याच्या खोलीत दत्ताच्या तसबिरीशेजारी इंग्रजी मासिकातून कापलेला एका केसाळ गोऱ्या गवयाचा फोटो चिकटवलेला होता. संथेचा विषय निघाला की तो म्हणे, "अण्णा, शिकून करू काय? रेल्वे की परीक्षा में घन पूछते हैं क्या?" गुरुजी बोलत, बोलत, आणि मग गप्प बसत. त्या गप्प बसण्याची त्यांच्या बायकोला, इंदूताईंना, जास्त भीती वाटे.

एक्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. ब्रह्मा घाटावर स्नान उरकून गुरुजी रोजच्या पायरीवर बसून म्हणत होते. दोन पायऱ्या खाली एक उंच गोरा माणूस येऊन बसला. डोकं तासलेलं, अंगावर रामनामी, गुडघ्यावर हातभर यंत्र, त्यात फिती फिरत होत्या. गुरुजी मंत्राच्या मधेच थांबले. असं ते आयुष्यात कधी थांबले नव्हते.

"बंद करो! ये तमाशा नहीं है!"

त्या माणसाने तत्काळ यंत्र बंद केलं, खाकी थैलीत घातलं, थैलीचा बंद ओढला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर, थैलीसकट. डोळे मिटून शेवटपर्यंत बसला. मग रोजच येऊ लागला.

"थैलीत चालूच असणार ते," गुरुजी घरी येऊन इंदूताईंना सांगत. "एवढा सात समुद्र ओलांडून आलेला माणूस नुसती हवा खायला बसतो होय? चोर आहे चोर!"

"अहो, मग पायरी बदला."

पायरी त्यांनी बदलली नाही. खरं सांगायचं तर गेल्या वीस वर्षांत त्यांचं म्हणणं असं कान देऊन कुणी ऐकलंच नव्हतं. दोन महिने तो चोर येत राहिला, आणि दोन महिने गुरुजी रोज जरा जास्तच मन लावून म्हणत राहिले.

पुढची गाठ पडली ती चौखंब्यात, कचौरीच्या दुकानासमोर. केयूरच्या हातात भाजीची पिशवी देऊन गुरुजी सोवळं सांभाळत चालले होते. दुकानाशी उभा असलेला तोच गोरा द्रोण घेऊन मागे वळला आणि जिलबीचा पाक गुरुजींच्या उपरण्यावर सांडला. गुरुजींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी केयूरच ओरडला.

"अण्णा! अहो अण्णा, हा गिडियन मार्श आहे!"

"कोण मार्श?"

"माझ्या भिंतीवरचा! केस कटवा लिए हैं, पण तोच! याच्या गाण्याला लाख लाख लोक जमतात, अण्णा!" पोराचा हात थरथरत होता. बापापुढे बसताना तो कधी थरथरला नव्हता, हे गुरुजींच्या लक्षात आलं आणि जिव्हारी लागलं.

मार्शने गुरुजींना ओळखलं. आधी उपरण्याबद्दल माफी मागितली, मग केयूरला इंग्रजीत काही सांगितलं. असा आवाज आपण कुठे ऐकला नाही. गुरुजींची परवानगी असेल तरच, एकदाच, यंत्रात घेऊ द्याल का? नको म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.

"नको," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा स्नानाला गेले.

घरी केयूरने त्यांचे पाय धरले. "एकदा म्हणा त्याच्यासाठी. मी उद्यापासून रोज संथेला बसतो. गंगामाई की कसम." त्याने देवघरातल्या गडूतलं गंगाजल हातात घेतलं. काशीत याच्यापुढे शपथ नाही.

दोन दिवस गुरुजींना अन्न गोड लागलं नाही. अनधिकाऱ्याला, त्यातून यंत्राला, वेद द्यायचा? वडील काय म्हणाले असते? पण पोरगा आपण होऊन बसतो म्हणतोय. तिसऱ्या दिवशी त्यांना तोड सुचली आणि ते एकटेच हसले. स्वर गेला की मंत्र मंत्र राहत नाही, नुसते शब्द उरतात. शब्द म्हणायचे आणि स्वर उलटेपालटे करायचे. पाप नाही, पोरगाही खूश, आणि त्या चोराला काय कळतंय?

चैत्रातल्या उन्हात घाटावर यंत्र मांडलं गेलं. अडचण एकच आली. तोंड खोटं बोलायला तयार होतं, हात होईना. स्वर मुद्दाम खाली पाडला तरी हात आपला वरच जाई. शेवटी गुरुजींनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि चार मिनिटं धडधडीत चुकीचं म्हणून दाखवलं.

मार्श या वेळी डोळे मिटून बसला नव्हता. त्याने केयूरकडून विचारवलं, आज हात का दाबून ठेवलात?

"थंडी वाजते," गुरुजी म्हणाले.

केयूर अकरा दिवस संथेला बसला. बाराव्या दिवशी रेल्वेचा कागद आला, कटनीला हजर व्हा. "सुट्टीत येऊन शिकतो, अण्णा," म्हणून तो गेला. सुट्ट्या आल्या तशा गेल्या. गंगेच्या शपथेचं कुणी नाव काढलं नाही.

चौऱ्याण्णवला केयूरने कॅसेट आणली. ढोल बडवल्याचा गदारोळ, गिटारी, आणि त्यातून अचानक गुरुजींचा आवाज. इंदूताईंनी डोळे पुसले. गल्लीतली चार माणसं ऐकायला आली. गुरुजी पान लावत म्हणाले, "टरफलं गेलीत तिकडे. दाणे इथे आहेत." आणि त्यांनी गळ्यावर हात ठेवला.

त्याच पावसाळ्यात आवाज बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले, ज्येष्ठमध झालं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि केयूरला बाहेर बोलावलं. पंचाण्णवच्या माघात गुरुजींचं स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक आणि हातात पाटी, एवढं घेऊन गुरुजी घरी आले.

घाटावर ते जात राहिले. पायरीवर बसून ओठ हलवत, हात चालवत. आवाज नाही. एकदा दूध पातळ निघालं म्हणून इंदूताईंनी दूधवाल्याला बोलावलं. तो गुरुजींसमोर मान खाली घालून उभा राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही तेव्हा रडवेला होऊन म्हणाला, "कुछ तो कहिए, गुरुजी." गुरुजी उठून आत गेले.

पुढच्या थंडीत केयूर महिन्याची रजा घेऊन आला. स्नान करून, सोवळं नेसून बापासमोर मांडी घालून बसला. "अण्णा, मी शिकलोय. दोन साल से रोज. ऐका." आणि त्याने म्हटलं. गळा अगदी टोकेकरांचा. इंदूताई पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. गुरुजींना वाटलं, छाती फुटणार आता. मग त्यांचं लक्ष केयूरच्या उजव्या हाताकडे गेलं. तो त्याने मांडीखाली दाबून धरला होता.

कॅसेटवरून शिकला होता. प्रत्येक उलटा स्वर, प्रत्येक खोटी उतरण, जशीच्या तशी. रोज, दोन वर्षं.

"बरोबर ना, अण्णा? या मंत्राला हात दाबूनच ठेवतात ना?"

गुरुजींनी पाटीवर लिहिलं, "चूक."

"कुठे?"

"सगळं." आणि मग, पाटी तीनदा पुसून, त्यांनी घाटावर काय केलं होतं ते सगळं लिहून दाखवलं. केयूर वाचत गेला. शेवटी एवढंच म्हणाला, "मुझसे भी?"

आठ दिवस बापलेक खपले. गुरुजी हात वर नेत, केयूर स्वर चढवी. मान हले, इतका नाही. केयूर कमी करी. पुन्हा मान हले. गुरुजी तोंड उघडून दाखवायला जात आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसे. चूक आहे एवढं पाटीवर लिहिता येत होतं, बरोबर काय ते लिहिता येत नव्हतं. आठव्या दिवशी त्यांनी पाटी भिंतीवर भिरकावली. तिचा कोपरा उडाला.

इंदूताई तुकडे वेचत होत्या. वेचता वेचता थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "ती थैली. तुम्ही रोज म्हणत होतात ना, थैलीत चालूच असतं म्हणून?"

गुरुजींनी त्यांच्या हातातून फुटकी पाटी ओढून घेतली आणि एवढं मोठं लिहिलं, की शब्द पाटीत मावेना. "चोर!" आणि ते हसत होते.

दोन महिन्यांच्या सकाळी, हातासकट म्हटलेल्या, मन लावून म्हटलेल्या. त्या माणसाकडे सगळ्या असणार. केयूरने कॅसेटवरच्या पत्त्यावर पत्र धाडलं, मग दुसरं, मग तिसरं. असल्या लोकांना पत्रांची पोती येतात, उत्तर कोण देतो? गुरुजी मात्र घाटावरचा प्रत्येक उंच गोरा निरखून बघू लागले. ज्याला बघून त्यांचं पित्त खवळायचं, त्याचीच ते वाट बघत बसले. देवासमोर हात जोडून एकच मागायचे, त्या माणसाने मला फसवलेलं असू दे.

सत्त्याण्णवच्या कार्तिकात केयूर रजेवर आला होता. रामनगरच्या वैद्यांकडे जायला दोघे सामने घाट नावाच्या घाटावरून नावेत बसले. नाव सुटता सुटता एक माणूस उडी मारून चढला. पिकलेले केस, खांद्याला खाकी थैली. तीच थैली. गुरुजींनी केयूरचं मनगट एवढं घट्ट धरलं, की तो कळवळला.

मार्शने गुरुजींना पाहिलं, हात जोडले, मग गळ्याचं भोक पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. केयूरने थोडक्यात काय झालं ते सांगितलं. मार्श गुरुजींच्या पायाशी फळीवर बसला. गुरुजींनी पाटी काढली. त्यांनी लिहिलं, "त्या थंडीत, रोज सकाळी, थैलीतलं यंत्र चालू होतं ना?" आणि केयूरला खूण केली, विचार.

केयूरने विचारलं.

मार्श ताठ झाला. नाही, तो म्हणाला. कधीच नाही. त्यांनी बंद करा म्हटलं, त्या दिवसापासून एकदाही नाही.

गुरुजींनी पाटीवर ओरखडा ओढला. पुन्हा विचार.

"खरं सांगा," केयूर इंग्रजीत म्हणाला. "आम्ही रागावणार नाही. चालू असेल तर चांगलंच आहे. एक सकाळ असली तरी पुरे."

मार्शला काहीच उमजेना. या म्हाताऱ्याने आपल्याला चोर ठरवलंय, मरायला टेकला तरी संशय धरून बसलाय, एवढंच त्याला दिसलं. त्याने थैली उलटी करून दाखवली. शाल, पाण्याची बाटली, चष्मा. मोह झाला होता, तो म्हणाला, रोज होत होता. पण शब्द दिला होता. गुरुजी तरीही त्याच्याकडे बघतच होते, डोळे फाडून, भिकाऱ्यासारखे. तेव्हा तो नावेच्या काठावर झुकला, ओंजळीत गंगेचं पाणी घेतलं आणि ते गुरुजींसमोर धरून मोडक्या हिंदीत म्हणाला, "गंगामाई की कसम. कभी नहीं."

केयूरने मान फिरवली.

ओंजळीतलं पाणी बोटांमधून गुरुजींच्या पायावर गळत होतं. नाववाला वल्हं थांबवून बघत होता. मार्श गुरुजींच्या तोंडाकडे बघत होता, आपल्यावर विश्वास ठेवतात की नाही म्हणून. गुरुजींनी उपरण्याने पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि केयूरपुढे धरली, त्याला सांग म्हणून.

"खरं बोलतोस," असं लिहिलं होतं.

केयूरने ते इंग्रजीत सांगितलं. मार्शने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि गुरुजींच्या पायांना हात लावला. गुरुजींनी आशीर्वादाला उजवा हात उचलला, मग तोच हात, त्या दिवशी घाटावर धरला होता तसा, मांडीखाली घेतला आणि रामनगरचा काठ येईपर्यंत दाबून ठेवला.