शालींचं कपाट

आईला कोणी समारंभाला बोलावलं की मला नको नको होतं. माझा मोठा भाऊ फौजेत होता. तो सीमेवरून परत आला तो तिरंग्यातच. तेव्हापासून नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी दर पंधरा ऑगस्टच्या तोंडावर कोणी ना कोणी टपकतं. वीरमातेचा सत्कार करायचाय! मग प्रमुख पाहुणे उशिरा येणार, तोवर आई उन्हात खुर्चीवर. नंतर शाल, श्रीफळ, फोटो, आणि पाहुण्यांचं पाहुण्यांबद्दलच भाषण. आईचं एक अख्खं कपाट शालींनी भरलंय. नागपूरच्या हवेत त्या पांघरायच्या तरी कधी?

म्हणून आई माझ्याकडे ऑस्ट्रेलियात राहायला आली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटली बिचारी.

पण शेजारी एक म्हातारेबुवा होते. आमच्या कुकरच्या शिट्ट्यांची तक्रार करण्यापलीकडे ते कधी माझ्याशी बोलले नव्हते. आई अंगणात पापड वाळवायला बसली की मात्र ते कुंपणाशी यायचे. मी मध्ये दुभाषी. त्यातच आईने त्यांना भावाचं सांगून टाकलं. एप्रिलमध्ये अँझॅक डे आला, तिथला युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, आणि बुवा दारात हजर. पहाटे स्मारकापाशी सगळे जमतात, आईने यावं म्हणाले. वर भावाचं पूर्ण नाव विचारलं.

माझं डोकं फिरलं. इथेही तेच! साडीतली आई, गळ्यात हार, स्थानिक पेपरात फोटो. मी नाव सांगायचं टाळत होते.

"काय म्हणून राहिले ते?" आईने विचारलं.

"दादाचं नाव विचारतात. कशाले पाहिजे त्याहिले?"

"सांग ना वं. नाव सांगाले काय जाते?"

नाव तिनेच सांगितलं, दोनदा. पुढचे काही दिवस बुवा झाडांना पाणी घालताना ते पुटपुटत असायचे. आमच्या बोलण्याची नक्कल करतोय मेला, अशी माझी खात्री झाली.

त्या पहाटे आईने सत्काराची ठेवणीतली साडी नेसली आणि सवयीने थेट पुढच्या रांगेत जाऊन बसली. कोणी उठवलं नाही, कोणी स्टेजवर बोलावलंही नाही, कारण स्टेजच नव्हतं. मी माइक शोधत होते, कॅमेरा शोधत होते. बिगुल वाजला, सगळे गप्प उभे राहिले. शेवटी एकेक माणूस स्मारकाच्या दगडापाशी जाऊन आपल्या घरातल्या गेलेल्याचं नाव घेऊ लागला. बुवांनी आपल्या आजोबांचं घेतलं. मग कागदात न बघता माझ्या भावाचं. उच्चार जरा वाकडा, पण वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

आईने हात जोडले. बुवांना यातून काय मिळवायचं होतं, याचा विचार मात्र माझ्या डोक्यातून जाता जात नव्हता.

ऑगस्टमध्ये आईला सोडायला मी नागपूरला आले. दुसऱ्याच दिवशी वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष दारात. हे गेली कित्येक वर्षं आईला शाल देत आलेत. त्यांनी वाकून नमस्कार केला, छापील पत्रिका पुढे केली.

आईने ती घेतली नाही. "माह्या पोराचं नाव काय होतं गा?" तिने विचारलं.

ते हसले. तिला चष्मा सापडत नसेल, असं बहुतेक त्यांना वाटलं. मग त्यांनी पत्रिका उघडली, वरून खालपर्यंत बोट फिरवलं. तिथे 'वीरमाता' होतं, पाहुण्यांची नावं होती. त्यांनी पत्रिका उलटून मागची बाजूही पाहिली.

आई दारात उभी राहून वाट बघत होती.