हातातले बूट

परदेशात, डँडेनॉन्गच्या कारखान्यात माझ्या शेजारी पॅकिंग करायची ती दक्षिण आफ्रिकेची गोरी म्हातारी. शिफ्ट संपली की बूट काढून लेकराचं तोंड पुसावं तसे पुसायची, पिशवीत ठेवायची आणि जुन्या सपाता घालून स्टेशनला निघायची.

"बूट चावतात का गं?" मी एकदा विचारलं.

ती हसली. "माझी आजी हेच सांगायची. दुष्काळात शेत गेलं, मग जोहान्सबर्गला शिवणाच्या कारखान्यात लागली. झिजू नयेत म्हणून बूट हातात घेऊन चालायची, दारात पोचल्यावर घालायची. गोऱ्या बाईला गरिबीची लाज जास्त. कुणी विचारलं, की म्हणायची, चावतात."

वसईचे माझे आजोबा चर्चच्या दारापर्यंत बूट हातात घेऊन चालत. चावतात, म्हणत.

त्या दिवसापर्यंत मला ते खरंच वाटायचं.