आखाजीचं बी

नाशिकला अंबडच्या कारखान्यात माझं काम तयार पार्ट गेजमध्ये घालून बघायचं. बसला तर पास, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. अधलंमधलं काही नसतं. हे काम करून करून माझं डोकंही तसंच झालंय, असं बायको म्हणते. तिला काय माहीत, गेल्या वर्षापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चाललाय, आणि तोही भातावरून.

भात आमच्या गावचा. गाव सुरगाण्याच्या डोंगरात, अगदी गुजरातच्या हद्दीला लागून. या भाताचा दाणा बारीक, आणि चुलीवर चढला की शेजारच्या घराला कळतं. त्याला भौगोलिक मानांकन मिळवू या, असं एका संस्थेच्या लोकांनी गावात येऊन सांगितलं. म्हणजे हा भात इथलाच अशी सरकारदरबारी नोंद होणार, बाहेरच्या कुणी या नावानं विकायचा नाही. नाशिकच्या द्राक्षाला तसं मानांकन कधीच मिळालंय. आमच्या गावातली निम्मी माणसं भात झोडून झाला की त्याच द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जातात, जीपच्या टपावर बिऱ्हाड बांधून. माझा मोठा भाऊही वहिनीला घेऊन जातो. भाताला भाव आला तर घर सोडावं लागणार नाही, एवढं एकच त्यानं त्या बैठकीतून उचललं आणि घट्ट धरलं. गावानं शेतकऱ्यांचा गट केला, त्याचा अध्यक्षही तोच झाला.

शहरात राहतो म्हणून मलाही त्यात ओढलं. संस्थेच्या बाईंनी विचारलं, "या भाताचं नाव काय?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"भात," आई म्हणाली.

खरंच दुसरं नाव नव्हतं. नावं दुकानातल्या तांदळाला असतात. शेवटी गावाचंच नाव पुढे जोडून मोकळे झालो. मग बाईंनी विचारलं, "आणि बियाणं कुठलं?"

"इथलंच," भाऊ म्हणाला. "आजा-पणज्यापासून."

मीही मान डोलावली. आई मात्र हातातलं सूप उगाच झटकत राहिली.

आमच्याकडे बी कुणी विकत नाही, आणि आपल्याच शेतातलं सारखं सारखं पेरतही नाही. पेरून पेरून बी थकतं, असं म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा सासरचं बी फडक्यात बांधून आणतात आणि जाताना त्याच फडक्यात माहेरचं नेतात. रिकामं फडकं घेऊन लेक परत गेली, तर तिचं माहेर संपलं असं धरतात. माझी ताई हद्दीपलीकडे दिली आहे. राज्य दुसरं, पण मध्ये आहे एक ओहोळ. तिच्या अंगणातून आमच्या देवळाचा झेंडा दिसतो. एका वर्षी आमच्याकडे कापणीच्या वेळी पावसानं भात आडवा केला, शेतातच कोंब फुटले, पेरायला मूठभर बी उरलं नाही. तेव्हा गावानं ताईच्या गावचं बी आणून पेरलं. मग आता जे शेतात उभं राहतं ते इथलं की तिथलं? आणि तिच्या गावाला तरी ते पूर्वी कुणी दिलं होतं? आमच्याच एखाद्या आत्यानं दिलं असणार. मी जितका विचार करायचो तितका जास्त गुंतायचो. या कामाला माझ्याकडे गेजच नव्हता.

आखाजीच्या थोडं आधी भावाचा फोन आला. गटानं ठरवलं होतं, यंदापासून बी गावाबाहेर द्यायचं नाही.

"अरे, तसा काही नियम नाही," मी म्हणालो. "बंधन नावावर आहे. बी कुठंही जाऊ दे."

"आज बी जाईल, उद्या त्यांचा भात बाजारात बसंल, निम्म्या भावात. मग कोण विचारतंय आपल्याला? तू नाशकात पगार घेतोस. तुझं काय जातंय?"

मला असा राग आला की फोन ठेवून दिला. पण तो चुकतोय म्हणून राग आला की त्यात तथ्य आहे म्हणून, ते आजही सांगता येणार नाही.

ताई आखाजीला आली. ओहोळ उतरून, डोक्यावर गाठोडं घेऊन, दरवर्षीसारखीच हसत. गाठोडं तिनं कणगीशेजारी ठेवलं. जेवणं झाली, गप्पा झाल्या. भाऊ तिच्याशी सगळं बोलला, तेवढं सोडून. निघायच्या वेळी तिनं गाठोडं सोडलं, बी सुपात ओतलं आणि मोकळं फडकं भावापुढं पसरलं.

"ताई, यंदा बी नाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गटाचं ठरलंय."

तिला आधी चेष्टाच वाटली. "आता अध्यक्षाच्या पाया पडू का?" म्हणाली. मग कुणीच हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "आरं, हे रिकामं घेऊन मी घरी जाऊ कशी? सासू काय म्हणंल?"

आईनं सुपातलं ताईचं बी उचललं आणि सरळ पेरणीसाठी मोकळ्या ठेवलेल्या कणगीत ओतलं. "आलेलं बी परत पाठवायचं नसतं," एवढंच म्हणाली. भावानं तिला अडवलं नाही. बाहेरचं बी आत आलेलं चालत होतं, आतलं बाहेर गेलेलं चालत नव्हतं. हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत असणार.

मला ते बघवेना. नाशकात गंगापूर रोडवर शेतमालाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी छापून घेतलेली तांदळाची पाकिटं माझ्या पिशवीत होती. घाईघाईनं एक काढून मी ताईच्या फडक्यावर ठेवलं. गिरणीतून भरडून आणलेला तांदूळ होता तो. तो काय उगवणार? पण त्या क्षणी फडकं भरायचं एवढंच सुचलं.

ताईनं पाकीट उलटसुलट केलं. मागं गावाचा नकाशा होता. "आपलं घर कुठं?" तिनं विचारलं. मी दाखवलं. मग देऊळ दाखवलं, ओहोळ दाखवला. ओहोळाच्या निळ्या रेघेवर नकाशा संपत होता. ती पाकीट जमिनीवर ठेवून वाटेवरून बोट पुढं नेत राहिली. देवळावरून ओहोळावर आली, ओहोळ ओलांडला, आणि बोट पाकिटावरून खाली सारवलेल्या जमिनीवर उतरलं. तिथं थोडं सरकून थांबलं.

"म्हंजे माझं घर हितं आलं," ती म्हणाली.

तिनं पाकीट फडक्यात घेतलं, नीट गाठ मारली. "सासरी सांगन, यंदा माहेरच्यांनी भरडूनच दिलाय," म्हणाली आणि निघाली. आम्हाला सांभाळून घेत होती. मला रडू आलं, मी गुरांना पाणी दाखवायच्या निमित्तानं मागे गेलो.

यंदा भात चांगला आला. वासही नेहमीपेक्षा जास्त आहे, असं गावात सगळे म्हणतात. आमच्या शेतात पेरलं होतं ते ताईचं बी. मानांकनाचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून आहे, आणि पाकिटं आमच्या गावाच्या नावानं बऱ्यापैकी खपतात. तरी भाऊ आणि वहिनी यंदाही बागांवर गेलेच. परवा तिथून त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई येतीय ना रं आखाजीला? जरा विचार की तिला."

"तूच विचार," मी म्हणालो.

तिचा नंबर दोघांकडेही आहे. अजून कुणी फोन लावलेला नाही.