शेजारी कोण बसलं होतं?

माझ्या पीएचडीच्या व्हायव्हाला एकाच माणसानं खरा प्रश्न विचारला.

त्याच माणसाशी मी पाच वर्षं बोलले नाही.

आज सकाळी पठाण सर गेले.

ग्रुपवर मेसेज आला आणि खाली धडाधड हात जोडलेले इमोजी. मीही एक टाकला. मग स्वतःचाच एवढा राग आला की डिलीट केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर कळमनुरीला अर्थशास्त्र शिकवायचे. एम.ए.ला मी त्यांची विद्यार्थिनी. गाईड शोधायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेले. त्यांच्याकडे जागा होती.

"घेतो की. पण पाच-सहा वर्षं लागतील बेटा. मी पान न् पान वाचत असतो."

शिरड शहापूरला घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "माणूस सोन्यासारखा हाय, व्हय. पण सोन्यासारख्या माणसानं नोकरी लागती का?"

सगळ्यांचं हेच. गाईड वजनदार पाहिजे. कमिट्यांवर असलेला पाहिजे.

म्हणून मी मोठ्या सरांकडे गेले. नाव लिहीत नाही. ते अजून त्याच कमिट्यांवर आहेत आणि मला नोकरी करायची आहे.

हे सांगायला गेले तेव्हा वाटलं, पठाण सर रागावतील.

"बराबर केलंस," म्हणाले. "पण चाप्टर मला दाखवत जा."

मोठ्या सरांनी तीन वर्षांत माझं काय वाचलं? शीर्षक. तेही चुकीचं सांगायचे.

त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी वाटल्या. त्यांच्याकडे आलेले परीक्षेचे गठ्ठे मी तपासले. चाप्टर दिला की फोन बघत म्हणायचे, "छान. पुढं चला."

आणि ज्या माणसाला मी नकार दिला होता, तो हिरव्या पेननं समास भरून चाप्टर परत द्यायचा.

ऋणनिर्देशात मोठ्या सरांना मी दीड पान दिलं. पठाण सर 'आदी मान्यवर'मध्ये.

विषय होता, हळद पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांचा निर्णयात किती सहभाग असतो. कुरुंद्याकडच्या गावांत फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या. चौथ्या चाप्टरचा निष्कर्ष: सहभाग समाधानकारक.

एकदा चहा पिताना सरांना मी हसत हसत एक किस्सा सांगितला.

एका घरी बाई बसली होती, शेजारी तिचा दीर. मी बाईला विचारलं, हळद कधी विकायची हे कोण ठरवतं? दीर म्हणाला, "आमी समदे मिळून ठरवतो." तिनं मान हलवली. मी टिक केलं. असे सगळे प्रश्न झाले.

मी निघाले तर ती मागं मागं पार स्टॉपपर्यंत आली.

"ताई, आता इचारा. आता कोणी न्हाई इथं."

मी म्हणाले, "झाला की मावशी फॉर्म भरून."

बस समोर उभी होती.

सर हसले नाहीत. कप खाली ठेवला.

"परत जा तिच्याकडं. चौथा चाप्टर पुन्हा लिही."

"सर, मोठ्या सरांची सही झालीय."

"सही झाली म्हणून खरं झालं का?"

मी गेले नाही.

व्हायव्हाला कुणीही प्रश्न विचारू शकतं. म्हणजे आपलेच मित्र, आपणच लिहून दिलेले प्रश्न विचारतात. तसे दोन-तीन झाले. मग शेवटच्या रांगेत पठाण सर उभे राहिले. कळमनुरीहून बसनं आले होते.

"प्रश्नावली भरताना या बायकांच्या शेजारी कोण बसलं होतं?"

एवढंच.

मी पाण्याची बाटली उघडली. पुन्हा बंद केली.

मोठे सर उठले आणि म्हणाले, "म्हणजेच पुढील संशोधनाला वाव आहे!" हशा. टाळ्या. शाल, श्रीफळ. सगळ्यांचं जेवण माझ्याकडून होतं. पठाण सर न जेवता गेले आणि मी त्यांना थांबवलं नाही.

मला वाटलं, यांनी दगा दिला. घरचा किस्सा चव्हाट्यावर आणला. एवढ्या लोकांत विचारायचं काय अडलं होतं?

खरं सांगते, यातला थोडा राग अजूनही आहे. सर, एकटीला गाठून विचारायचं होतं.

पण एकटीला विचारलंच होतं की.

मग नोकरी लागली. ईदला मी मुबारक म्हणायला जायची, ते बंद केलं. यंदा मला स्वतःला गाईडशिप मिळाली. मागच्या महिन्यात एक मुलगी गाईड म्हणून माझं संमतिपत्र मागायला आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं लवकर होईल असं सगळे म्हणतात."

बिचारीनं कौतुकच केलं होतं.

त्याच दिवशी ठरवलं, रविवारी कळमनुरीला जायचं. तो रविवार कामात गेला. पुढचाही.

आज गेले. घरात बायकांमध्ये बसले. सरांच्या बायकोनं, आमच्या चाचींनी, माझा हात धरला.

"काहून न्हाई आलीस गं एवढ्या दिवसांत?"

तिथून घरी आले आणि हे लिहायला बसले.

सर, त्या दिवशी हॉल भरलेला होता. इथं त्याहून जास्त लोक आहेत. मोठे सरही फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. म्हणून इथंच सांगते.

तिच्या शेजारी तिचा दीर बसला होता. बाकीच्यांच्या शेजारी नवरे, सासरे, एका ठिकाणी तर सरपंच. एकटी एकही नव्हती.

माझा चौथा चाप्टर खोटा आहे.

तिचं नाव माझ्याकडे नाही, फॉर्मवर नुसता नंबर आहे. पण गाव आठवतं आणि तो स्टॉप आठवतो. मी जाणार आहे.

तुम्ही म्हणाला होतात, पाच-सहा वर्षं लागतील.

लागलीच, सर.

अखेरचा सलाम.