बाबांची लाकडी जमीन

प्रताप नगरच्या आमच्या दोन खोल्यांत लाकडी जमिनीचं काय काम, हे बाबांना कोणी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या बंगल्यात त्यांनी वीस वर्षं साहेबाच्या लाकडी जमिनीला मेण घासलं, तो बंगला पाडला गेला आणि तिथल्या सागवानी फळ्या ते घरी घेऊन आले.

मे महिना होता. बैठकीत त्यांनी आधी जाड लाकडं आडवी टाकली आणि वर फळ्या ठोकायला घेतल्या. झळा नकोत म्हणून बैठकीचं पुढचं-मागचं दार आतून लावलं; आई आणि मी बाहेर अंगणात. दोन्ही दारं आत उघडणारी आणि जमीन चार बोटं वर आलेली, हे त्यांच्या लक्षात शेवटचा खिळा ठोकल्यावर आलं. आता बिजागऱ्या खोलून दारच काढायला हवं होतं आणि पेचकस अंगणात, आईच्या हातात.

खिडकीच्या गजांतून पाहिलं तर बाबा बूट चढवत होते. खिळ्यांच्या पिशवीतून लपवून नेले होते. आमच्याकडे पायताण उंबऱ्याबाहेर, हा आईचा कायदा.

"बूट काढा, मंगच पेचकस भेटंन."

"नाही काढत!"

मला दोघांचाही संताप आला. शेजारचे काका म्हणाले, "शेवटची फळी उचकट ना गा." बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्यानं घरी गेले. मी शेजारून आणून गजांतून बशीभर चहा दिला, मग चिवडा. आत बुटांची ठक ठक सुरूच.

ऊन उतरल्यावर आई खिडकीशी आली. "काहून फिरून राहिले जी एवढे?"

बाबा थांबले. "वीस वर्षं ह्याच फळ्या घासल्या वं. अनवाणी. साहेब बूट घालून जाये, मी कोपऱ्यात उभा. मले एक डाव माह्या पायाचा आवाज ऐकाचा होता."

आईनं पेचकस आत सरकवला.

दार निघालं. आईनं सवयीनं उंबऱ्याशी चपला काढल्या, एक पाय आत टाकला, मग मागे वळून चपला पुन्हा घातल्या. त्या रबरी होत्या, आवाज येईना. म्हणून ती पाय आपटत चालली.