माझी रद्दी

पेटी रिकामी होती. तळाला डांबराच्या गोळ्या आणि एक मेलेलं झुरळ, बस.

"आई, तुमची रद्दी दिली हो सकाळी. केवढी जागा अडली होती!" सून स्वयंपाकघरातून म्हणाली. दिवाळीची साफसफाई चालली होती. दोष तिचा नव्हता. चाळीस वर्षं त्या पुस्तकांना मीच रद्दी म्हणत आले होते.

ती हिंदीतली चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं. रॉकेटं, दुसऱ्या ग्रहावरची माणसं, बोलणारी यंत्रं. माझं माहेर सोनगीरचं. जळगावच्या सासरहून जाताना धुळ्याला गाडी बदलावी लागे. तिथे स्टँडबाहेर एक म्हातारा हातगाडीवर जुनी पुस्तकं विकायचा. माझी शाळा चौथीपर्यंत. नुसत्या अक्षरांचं जाड पुस्तक मला झेपत नसे. यात शब्द अडला की चित्र सांगायचं. सोनगीरची गाडी उशिरा आली तर मला बरंच वाटे.

पहिलं पुस्तक घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हे काय गं?" सुनेनं राक्षसांची चित्रं बघत बसायचं, असं आमच्या घरात नव्हतं. मी म्हटलं, "रद्दी. डब्यांखाली अंथरायला." तेच नाव पडलं. आमच्या यांना खरं माहीत होतं. चिडवायचे, "भाकरी झाल्या असतील तर चंद्रावर जाऊन ये." नवीन पुस्तक मात्र माझ्याआधी वाचायचे. सासूबाई गेल्या, मग हेही गेले. नाव बदलायचं राहून गेलं.

हल्ली लोक अशी जुनी पुस्तकं शोधत फिरतात म्हणे. फिरू देत. मला त्यातलं एकच हवं होतं. एक यान वाटेत बिघडतं. आत सात माणसं, हवा संपत आलेली. कप्तान, डॉक्टर, शास्त्रज्ञ असे सगळे शिकलेले, आणि एक स्वयंपाक करणारी बाई. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना ते घेतलं होतं. मुलगा झाला तेव्हा ते उशाशी होतं.

मी चपला घातल्या. सून पिठाच्या हातांनीच माझ्यामागे रिक्षात बसली.

रद्दीवाला म्हणाला, "अक्का, बठ्ठा गठ्ठा गया. फरसाणवाला लई गया. त्यामा काय व्हतं, सोनं?"

"राक्षस होते," मी म्हटलं. तो हसला. मी नाही.

सगळा गठ्ठा घेऊन गेलेल्या फरसाणवाल्याची गाडी पुढच्याच चौकात होती. शेवेच्या परातीशेजारी माझी पुस्तकं. निम्म्यांच्या पुड्या होऊन गेल्या होत्या. एक गिऱ्हाईक पुडीतली शेव खात उभं होतं. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"आजी, शेव पाहिजे का?" त्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"शेव नको. खाऊन झाली की कागद दे."

त्यानं उरलेली शेव तळहातावर ओतून कागद दिला. हिरवा राक्षस, तेलानं आणखी हिरवा झालेला. पुस्तक दुसरंच होतं.

सून तिथेच रस्त्यावर उकिडवी बसून उरलेला ढीग उपसत होती. "आई, हे का? यानाचं?"

तेच होतं. शेवटची दोन पानं नव्हती.

रद्दीवाल्याकडून वर्तमानपत्रं आणून दिली, तेव्हा त्यांच्या बदल्यात फरसाणवाल्यानं उरलेली सगळी परत दिली. येताना सून रिक्षात मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, वाईट वाटत असेल. बघते तर मांडीवर ते पुस्तक उघडून वाचत होती. पिठाचे ठसे पानापानावर. दाराशी रिक्षा थांबली तरी उतरेना. फाटलेल्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "अहो आई, आता? शेवटी वाचलं कोण?"

"स्वयंपाकीण," मी म्हटलं. "ती एकटीच वाचली."